मागच्या गल्लीतलं ४८ ला गेलं म्हणतात, मग हे ४६ ला घेऊ का?

भुसावळच्या एका वाचकाचं पत्र आलंय. रेल्वेत नोकरी, राहायला क्वार्टर आहे, हाताशी १६ लाख साठलेत आणि बाकीचं कर्ज काढून जळगावात पिंप्राळ्याकडे एक रो-हाऊस घ्यायचं आहे, राहायला नाही तर गुंतवणूक म्हणून, भाड्यानं द्यायचं आणि रिटायर झाल्यावर बघू असा विचार. घर ९ वर्षं जुनं, जागा ९० चौरस मीटर, बांधकाम १००. मालक ४६ लाख मागतो. एजंट म्हणतो मागच्या गल्लीतलं असंच घर ४८ ला गेलं, तुम्हाला २ लाख स्वस्त मिळतंय, आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आत इसार (बयाणा) देऊन टाका. शालक म्हणतो ३८ च्या वर एक रुपया देऊ नका. ते विचारतात, "दोघंही छातीठोक बोलतात, मग खरा भाव कळायचा कसा?"

भाऊ, नमस्कार. पत्र वाचून बरं वाटलं, कारण बहुतेक लोक इसार देऊन झाल्यावर विचारतात आणि तेव्हा सांगण्यासारखं फार काही उरलेलं नसतं. तुम्ही आधी विचारलंत.

पहिली गोष्ट, ४६ हा भाव नाहीये, ती मागणी आहे. ३८ पण भाव नाही, तो शालकाचा अंदाज आहे. भाव म्हणजे तुमच्यासारखंच घर, त्याच भागात, गेल्या वर्षभरात, एकमेकांच्या ओळखीत नसलेल्या दोन माणसांनी खरोखर कितीला दिलं-घेतलं तो आकडा, आणि असे तीन-चार आकडे हातात आल्याशिवाय मालकाशी बोलायलाच बसू नका असं माझं स्पष्ट मत आहे. पोर्टलवरच्या जाहिरातींवर तर अजिबात जाऊ नका, आपल्याकडं एकच घर तीन एजंट तीन वेगवेगळ्या आकड्यांनी टाकतात आणि विकून गेल्यावर काढायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. त्या जाहिरातींचा एक उपयोग आहे, एखादं घर किती महिने पडून आहे ते दिसतं. सहा महिन्यांपासून ४६ लिहिलेलं असेल तर त्या ४६ ला घेणारा कुणी भेटला नाही एवढं नक्की.

आता झालेले सौदे शोधायचे कुठं, तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साईटवर ई-सर्च म्हणून सोय आहे, त्यात फुकट शोध घेता येतो आणि इंडेक्स २, म्हणजे सूची क्रमांक २, नोंदवलेल्या व्यवहाराचा सारांश, बघता येते. लोक तिथं जाऊन परत येतात, का तर त्यांना कॉलनीचं नाव टाकायचं असतं आणि साईट ते ओळखत नाही. तिथं वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकतीचा नंबर लागतो. गाव म्हणजे महसुली गाव, शहरात राहत असलो तरी कागदावर आपण मौजे पिंप्राळा, मौजे मेहरूण, मौजे निमखेडी असेच असतो. आणि नंबर म्हणजे सर्व्हे किंवा गट नंबर. तो मिळवायचा सोपा रस्ता म्हणजे मालकाकडून त्याच्या स्वतःच्या खरेदीच्या इंडेक्स २ ची झेरॉक्स मागा. कर्ज करायचंय, बँक मागते, असं सांगा, खरंच आहे ते. त्यात सर्व्हे नंबर, प्लॉट नंबर, क्षेत्रफळ सगळं सापडतं आणि वर मालकानं स्वतः कोणत्या साली कितीला घेतलं तेही कळतं. मग महाभूनकाशावर, म्हणजे जमिनीचे नकाशे दाखवणाऱ्या सरकारी साईटवर, जाऊन त्या गटाच्या आजूबाजूचे गट नंबर लिहून घ्या आणि प्रत्येक नंबर चालू वर्षासाठी आणि मागच्या वर्षासाठी टाकून बघा. साईट दिवसा फार हळू चालते, कॅप्चा परत परत विचारते, रात्री उशिरा किंवा पहाटे बसा, तुमची शिफ्ट ड्युटी असेल तर हे काम तुम्हाला इतरांपेक्षा सोपं जाईल.

यादी निघाली की त्यात काय घ्यायचं नि काय सोडायचं ही खरी मेहनत आहे, आणि इथंच बहुतेक जण फसतात. बक्षीसपत्र, हक्कसोड, वाटणीपत्र हे सौदे नाहीत, सोडा. देणारा आणि घेणारा एकाच आडनावाचे असले तर घरातला व्यवहार असण्याची शक्यता धरून बाजूला ठेवा, आपल्याकडं अख्ख्या गल्लीचं आडनाव एकच असू शकतं हे खरंय, म्हणून लगेच फेकू नका, चौकशी करा. साठेखत (आधीचा विक्रीचा करार) आणि खरेदीखत (प्रत्यक्ष विक्रीचा दस्त) असे एकाच घराचे दोन दस्त दिसतील, पहिलं आठ महिन्यांपूर्वीचं, दुसरं आत्ताचं, ते दोन सौदे नाहीत, एकच आहे, आणि त्याचा भाव साठेखताच्या तारखेचा धरायचा कारण आकडा तेव्हा ठरला. बिल्डरकडून घेतलेल्या नव्या घरांचे करारनामे वेगळे ठेवा, नव्याचा भाव ९ वर्षांच्या जुन्याला लावता येत नाही. बँकेच्या लिलावात गेलेलं घरही यात मोजू नका, तिथं विकणाऱ्याची मर्जी नसते आणि घेणारा सगळी जोखीम अंगावर घेत असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इंडेक्स २ मध्ये दोन आकडे असतात, एक मोबदला आणि एक बाजारभाव. मोबदला म्हणजे त्या दोघांनी कागदावर लिहिलेली किंमत. बाजारभाव म्हणजे सरकारच्या वार्षिक दर तक्त्यानुसार, ज्याला आपण सगळे रेडी रेकनर म्हणतो, त्यानुसार काढलेलं मूल्य, आणि दोघांपैकी जे जास्त त्यावर मुद्रांक शुल्क लागतं. रेडी रेकनरला भाव समजू नका. रावेर-यावलकडच्या केळीवाल्याला विचारा, बोर्डावर बऱ्हाणपूरचा भाव एक लागलेला असतो आणि बांधावर आलेला व्यापारी मालाची प्रत बघून देतो तो दुसरा, तसंच हे आहे. तर हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघायचे. मोबदला बाजारभावापेक्षा चांगला वर असेल तर तो आकडा बऱ्यापैकी विश्वासाचा. पण मोबदला आणि बाजारभाव अगदी जुळत असतील, किंवा मोबदला जेमतेम वरच्या गोल आकड्यावर थांबलेला असेल, तर समजून जा की कागदावर कमीत कमी दाखवलंय आणि बाकीचं रोखीत फिरलेलं असू शकतं. असा सौदा फेकायचा नाही, त्याच्याकडं तळाचा आकडा म्हणून बघायचं, खरी किंमत याच्याखाली नव्हती एवढंच तो सांगतो.

मग खरा आकडा कोणत्या सौद्यात मिळतो? माझ्या मते ज्या घरावर घेणाऱ्यानं बँकेचं कर्ज काढलं त्यात. कारण कर्ज कागदावरच्या किमतीवर मिळतं, म्हणून पगारदार माणूस किंमत दडवून स्वतःचंच कर्ज कमी करून घेत नाही. तुमच्या शोधात गहाणाची नोंद दिसली, किंवा घेणारा शिक्षक, रेल्वेवाला, विद्यापीठातला, ऑर्डनन्स फॅक्टरीतला आहे असं गल्लीत कळलं, तर त्या सौद्याला जास्त वजन द्या. एक चांगला कर्जाचा सौदा माझ्यासाठी तीन संशयास्पद सौद्यांपेक्षा भारी.

आणि गल्लीत जाणं टाळू नका. कागद घरी बसून मिळतो पण कागदाला पाणी येतं की नाही ते माहीत नसतं. सकाळी जा, उन्हाळ्यात भर दुपारी जा, रात्री जा. पाण्याचा टँकर चालवणाऱ्याला कोणत्या गल्लीत उन्हाळ्यात किती फेऱ्या होतात ते तोंडपाठ असतं, किराणावाल्याला कोण घर सोडून गेलं ते माहीत असतं. ज्यानं वर्षभरात तिथं घर घेतलंय त्याच्याकडं जाऊन "कितीला घेतलं" असं तोंडावर विचारू नका, कुणी सांगत नाही आणि सांगितलं तर फिरवून सांगतो. "दादा, मला इथं घ्यायचंय, बजेट किती धरू" असं विचारा, माणूस मोकळा होतो आणि बऱ्याचदा स्वतःचाच आकडा सांगून जातो. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बसणारे दस्तलेखक पण बघा, रोज त्यांच्या हातून खरेदीखतं जातात, कुणाचं नाव विचारायचं नाही, फक्त त्या भागात सध्या काय चाललंय एवढं विचारायचं.

एजंटच्या त्या ४८ लाखांचं काय करायचं? त्याला प्लॉट नंबर विचारा. एवढंच. वाद घालू नका. खरंच विकलं असेल तर दस्त असणार, आणि दस्त केल्यापासून ४ महिन्यांच्या आत नोंदवावा लागतो, म्हणजे आज नाही तर थोड्या दिवसांनी ई-सर्चवर दिसलाच पाहिजे. नंबर सांगितला तर शोधा, कदाचित त्याची जागा १३० मीटर असेल, कदाचित वर मजला चढवलेला असेल. "अजून खरेदी व्हायचीय, इसार झालाय" असं म्हणाला तर तो सौदा झालेला नाही, तो मोजायचा नाही. आणि नंबरच सांगत नसेल तर ४८ हा आकडा डोक्यातून काढून टाका.

क्षेत्रफळाची भानगड सांगतो कारण यात भले भले चुकतात. इंडेक्सवर चौरस मीटर असतं, बाजारात चौरस फूट बोलतात, १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. रो-हाऊसमध्ये जागा वेगळी आणि बांधकाम वेगळं मोजा. फ्लॅट बघत असाल तर कार्पेटवरच, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेवरच, या. समजा एजंट म्हणाला ९५० फूट, ३,८०० नं, म्हणजे ३६ लाख १० हजार. कागदावर कार्पेट निघालं ६२ मीटर म्हणजे ६६७ फूट. तर तुम्ही प्रत्यक्षात ५,४०० च्या आसपास देताय. दुसऱ्या बिल्डिंगमधला ४,५०० कार्पेटवाला फ्लॅट याच्यापुढं महाग वाटला होता, प्रत्यक्षात तो स्वस्त. रेरा कायदा आल्यापासून नवीन प्रोजेक्टमध्ये कार्पेटवरच विकायचं बंधन आहे, पण जुन्या घरांच्या बोलण्यात सुपर बिल्टअप (जिना-पॅसेजचा वाटा धरून) अजून चालूच आहे.

आता तुमच्या घराचं उदाहरण करून दाखवतो. हे आकडे माझे आहेत, समजावण्यासाठी घेतलेले, तिथं तुमच्या शोधातले टाकायचे. समजा तीन सौदे मिळाले. पहिला, त्याच लेआऊटमधला, ११ महिन्यांपूर्वीचा, बँक कर्जाचा, ३८ लाख, पण त्याची जागा ८० मीटरच. तुमची १० मीटर जास्त, म्हणजे साधारण १०८ फूट, त्या भागात मोकळे प्लॉट २,००० रुपये फुटानं गेलेत असं दिसलं तर २ लाख १५ हजार वाढवा, झाले ४० लाख १५. दुसरा, तुमच्याच गल्लीतला, ७ महिन्यांपूर्वीचा, ४१ लाख, पण तो कॉर्नर, बोअरला उन्हाळ्यातही पाणी आणि वर सोलर. तुमच्या घराला यातलं काही नाही, कॉर्नरचे दीड लाख आणि बोअर-सोलरचा एक लाख कमी करा, ३८ लाख ५०. तिसरा दोन वर्षांपूर्वीचा, ३५ लाख, मोबदला आणि बाजारभाव रुपयाला रुपया सारखा. तो तळाचा आकडा. म्हणजे तुमच्या घराची किंमत साडेअडतीस ते चाळीस-सव्वाचाळीसच्या मध्ये कुठंतरी बसते. दुरुस्ती नेहमी आपल्या घराकडे न्यायची, समोरच्या घरात जास्त असेल तर त्याच्या किमतीतून वजा, कमी असेल तर त्याच्या किमतीत मिळवा. उलटं केलं की सगळा हिशोब फिरतो.

कशाचे किती कमी-जास्त करायचे याला कुणाकडं पक्का तक्ता नाहीये, पण खान्देशात काही गोष्टी मी नेहमी बघतो. पाणी किती दिवसांआड येतं आणि साठवायला खाली टाकी आहे का. पश्चिमेला तोंड असलेली मोठी भिंत आणि वर उघडा स्लॅब, कारण आपल्याकडं मे महिन्यात ४५ अंशांवर पारा जातो आणि त्या घरात भाडेकरू एक उन्हाळा काढतो आणि दुसऱ्या घराच्या शोधाला लागतो. एनए (बिगरशेती) झालेला मंजूर लेआऊट आहे की गुंठेवारी, म्हणजे परवानगी न घेता तुकडे पाडून विकलेली जागा, हे तर सगळ्यात आधी, गुंठेवारीतल्या घराचा भाव मंजूर लेआऊटमधल्या घराला कधीच लावू नका, बऱ्याच बँका तिथं हात आखडतात म्हणून घेणारेच कमी असतात. रस्ता किती मीटरचा, गाडी आत उभी राहते का. रंग, मॉड्युलर किचन, पीओपी याला मात्र मालक सांगतो त्याच्या निम्मेही देऊ नका, भाडेकरू त्यासाठी हजार रुपये जास्त देत नाही.

तीन सौदे मिळालेच नाहीत तर? जळगाव म्हणजे पुणं नव्हे, रो-हाऊसचे सौदे कमीच होतात. अशा वेळी मी आधी काळ वाढवतो, भाग नाही. दोन-अडीच वर्षं मागे जा आणि त्या दरम्यान त्याच लेआऊटमधल्या मोकळ्या प्लॉटचा भाव किती चढला ते बघून तेवढं जागेच्या किमतीत वाढवा. भाग बदलला की सगळंच बदलतं, रेल्वे लाईन किंवा हायवे ओलांडला की शाळा वेगळी, पाणी वेगळं, वस्ती वेगळी. धुळ्यात पांझरेच्या अलीकडचा सौदा देवपुरातल्या घराला लावू नये, तसंच हे. कापसाचे पैसे हातात आल्यावर किंवा दसरा-आखाजीच्या मुहूर्तावर झालेला एखादाच चढा सौदा असेल तर त्याच्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नका.

तुम्ही गुंतवणूक म्हणताय म्हणून भाड्याचं पण बोलतो. ई-सर्चमध्ये लिव्ह अँड लायसन्सचे (भाडेकराराचे) दस्त पण दिसतात, त्या गटातले बघा, नोंदवणारे कमी असले तरी जे दिसतील ते कामाचे. समजा ९,५०० भाडं मिळालं, वर्षाचे १ लाख १४ हजार. ४६ लाखांवर ते अडीच टक्के सुद्धा पुरते होत नाहीत, ४० लाखांवर पावणेतीनच्या थोडं वर, आणि यातून घरपट्टी, रंगरंगोटी, रिकामा गेलेला एखादा महिना जायचाय. तुम्ही ३० लाख कर्ज म्हणताय, साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता २६ हजारांच्या आसपास बसतो. म्हणजे दर महिन्याला १६-१७ हजार तुमच्या पगारातून जाणार. रिटायर व्हायला किती वर्षं राहिलीत ते पत्रात नाही, पण हे दोघांनी बसून नीट बोला, वहिनींसकट. भाव चढेल म्हणून हा फरक भरून निघेल असं धरायचं असेल तर आधी मालकाच्या इंडेक्स २ वर बघा, त्यानं ९ वर्षांपूर्वी कितीला घेतलं होतं, तेवढ्या काळात वर्षाला किती टक्के पडले ते काढा, आणि तेच पैसे एफडीत असते तर किती झाले असते ते शेजारी लिहा.

किमतीवर खर्च पण असतो. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क एलबीटीसकट (स्थानिक संस्था करासकट) साधारण ६ टक्के धरा, घर वहिनींच्या एकटीच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत आहे, नोंदणी फी १ टक्का पण ३० हजारांच्या वर नाही. मालक "१० लाख वरचे रोख द्या" म्हणाला तर हात जोडा. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्यानं बंदी आहे, रोख घेणाऱ्याला, म्हणजे मालकाला, तेवढाच दंड होऊ शकतो, आणि तुमचं नुकसान वेगळंच, कर्ज कमी मिळणार आणि पुढं विकताना खरेदी किंमत कागदावर कमी म्हणून नफा जास्त दिसून कर जास्त भरावा लागणार. उलट बाजूनं पण जपा, घासाघीस करून किंमत रेडी रेकनरच्या मूल्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली गेली तर तो फरक तुमचं उत्पन्न धरून त्यावर इन्कम टॅक्स लागू शकतो, म्हणून त्या घराचं सरकारी मूल्य आधी काढून ठेवा, ई-एएसआर या सरकारी दरांच्या साईटवर गाव आणि सर्व्हे नंबर टाकला की दर दिसतो.

आणि बँकेचा व्हॅल्युअर येईल तेव्हा त्याच्या रिपोर्टची वाट बघून मग भावाचं बोला, आधी भाव ठरवून मग रिपोर्ट, असं उलट करू नका. नाहीतर सरकारमान्य मूल्यांकनकाराला स्वतःच फी द्या, ४० लाखांच्या व्यवहारात ती फी काहीच नाही, फक्त त्याला सांगा की रिपोर्टमध्ये कोणते सौदे धरले ते नंबरासकट लिहून द्या. नुसता शेवटचा आकडा लिहिलेला कागद घेऊ नका.

आखाजीच्या आत इसार द्यायचा का, हे शेवटी विचारलंत. माझं उत्तर, सौदे हातात आल्याशिवाय नाही. दिवस चांगला आहे, त्या दिवशी घरात काही घ्यावं वाटतं हे मला मान्य आहे, पण आखाजी दरवर्षी येते. हातात कागद आल्यावर मालकाकडे एजंटला घेऊन पण स्वतः जा, तीन सौद्यांचे प्लॉट नंबर आणि तारखा एका कागदावर लिहून समोर ठेवा, आवाज न चढवता सांगा की यावरून मला ३९ पर्यंत जमतं, आणि मग गप्प बसा, त्याला बोलू द्या. तो त्याच्याकडचा एखादा सौदा दाखवेल तर तो पण लिहून घ्या, घरी येऊन तपासा, खरा निघाला तर एक-दीड लाख वर जायला हरकत नाही. सव्वाचाळीसच्या वर मात्र मी जाणार नाही. जमलं तर इसार चेकनं द्या, आणि पावतीवर लिहून घ्या की टायटल सर्चमध्ये (मालकीच्या कागदांच्या तपासणीत) अडचण निघाली किंवा बँकेनं कर्ज नाकारलं तर पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत. मालक एवढं लिहून द्यायला तयार नसेल तर चेकबुक खिशातच राहू द्या आणि त्याच लेआऊटमध्ये दुसरं घर बघा, सौदे तर तुमच्याकडं आता लिहिलेले आहेतच.